उजेडातला रात्रबाजार

मी आज जो काही आहे तो इंदूमावशींमुळे आहे. हे वाक्य निरोपसमारंभातल्या भाषणासारखं वाटतं, पण मला ते दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. बार्शीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची मेस होती. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी गणितात नापास झालो तेव्हा बाबांनी निरोप धाडला, 'दत्ता, आता पुरे झालं, गॅरेजला ये.' बाबांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. मी ट्रंक भरली. त्या संध्याकाळी मावशींनी मेस बंद ठेवली आणि एसटीनं एकट्या आमच्या गावाला गेल्या. आमच्या ओट्यावर बसून त्या बाबांशी काय बोलल्या, ते मला अजून पूर्ण माहीत नाही. आईनं एवढंच सांगितलं, "त्या बाईनं चहाला हात लावला नाही. म्हणाली, पोराला ट्रंक उघडायला सांगा, मग घेते."

मी ट्रंक उघडली. पुढे पदवी झाली, नेदरलँड्समध्ये एनस्खेडेला एम.एस. झालं, हूफडॉर्पला नोकरी लागली, नीउ-व्हेनेपमध्ये घर झालं. या प्रत्येक पायरीवर मला तो न प्यायलेला चहा दिसत आला आहे.

गेल्या आठवड्यात हूफडॉर्प स्टेशनबाहेर पुन्हा तो लाल फलक लागला. त्यावर कागदी कंदिलांचं चित्र, वाफाळणारा वाडगा आणि 'एशियन नाइट मार्केट'. उन्हाळा आला की हा बाजार गावोगाव फिरतो. दोन-तीन दिवस एखाद्या पार्किंगमध्ये तंबू पडतात, मग तो पुढच्या गावाला जातो, आपल्याकडच्या जत्रेतल्या पाळण्यांसारखा. फलक पाहिला आणि माझे पाय थांबले. मागून येणारी सायकलवाली बाई घंटी वाजवून डच भाषेत काहीतरी पुटपुटत गेली. मी सायकलच्या वाटेवर उभा होतो.

रात्रबाजार म्हणायचं, पण जूनमध्ये इथं रात्र अशी होतच नाही. दहा वाजेपर्यंत ऊन रेंगाळतं. दुकानदार कंदील मात्र आल्याआल्याच लावतात, आणि ते बिचारे भर उन्हात लावलेल्या समईसारखे फिके दिसतात. एनस्खेडेला असताना एकटेपणा घालवायला मी कॅमेरा घेतला. आधी कालवे, पवनचक्क्या, गाई असं सगळं काढून झालं. मग कळलं की या सपाट देशात मला खरं बघावंसं वाटतं ते चुलीजवळ. वाफेचा फोटो काढायचा तर उजेड तिच्या पाठीमागून यायला हवा. इथल्या संध्याकाळचं ऊन इतकं आडवं येतं की कढईतून उठणारी वाफ सोन्याच्या धाग्यासारखी दिसते. अडचण एकच, वाऱ्याची. हा वारा वाफेला सरळ वर जाऊच देत नाही. माझ्या सगळ्या फोटोंत वाफ एका बाजूला पळालेली आहे, कुणी बोलावल्यासारखी.

गेल्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं म्हणून बसलो आहे. तो उन्हाळा म्हणजे तेच सहा-सात बाजार आणि एक फोन.

मावशींना घास अडकायला लागला होता त्याच्या आदल्या थंडीपासून. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पाणीसुद्धा. त्यांची सून सुरेखावहिनी त्यांना सोलापूरला घेऊन गेली. अन्ननलिकेत गाठ निघाली. या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि नाकातून पोटात नळी घातली. डाळीचं पाणी, ताक, नाचणीची पेज, सगळं सिरिंजनं त्या नळीतून जायचं. जिनं हजारो पोरांना वाढलं त्या बाईच्या जिभेला आता कसलीच चव लागणार नव्हती. सुरेखावहिनी सांगायच्या, "भावजी, डाळीच्या पाण्यालासुद्धा फोडणी घालायला लावतात. मी म्हटलं, आत्याबाई, नळीला काय कळतंय? तर म्हणतात, नळीला न्हाई, पोटाला कळतंय. घाल तू."

मे महिन्याच्या शेवटी मी बाजारातून त्यांना व्हिडिओ कॉल केला. सहज केला होता, त्यांना गर्दी दाखवावी म्हणून. नाकाला चिकटपट्टी, गाल आत गेलेले, पण डोळे तेच. मी फोन फिरवून दाखवत होतो आणि एका तंबूपाशी त्या ओरडल्या, "थांब थांब! हे तर आप्पे हायत!"

"आप्पे नाहीत, मावशी. जपानी लोकांचं आहे. आत ऑक्टोपसचा तुकडा असतो."

"ते काय असतं?"

"समुद्रातला प्राणी. आठ पायांचा."

 त्या म्हणाल्या, "आठ पाय? म्हंजे एकात आठ पोरं जेवली की रं. मला आधी का न्हाई सांगितलंस?" आणि हसायला लागल्या, ते हसू खोकल्यात गेलं आणि सुरेखावहिनींनी फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, 'आत्याबाई म्हणतात, अजून फोटो पाठवा.'

तिथून ते सुरू झालं. शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी बाजार जिथं असेल तिथं जायचो. एकदा तर एनस्खेडेपर्यंत, देशाच्या दुसऱ्या टोकाला. माझी बायको अश्विनी पुण्याची आहे. ती दारातून म्हणायची, "निघाला आमचा फोटोग्राफर. लोक बाजारात जेवायला जातात, हा जेवणाला भेटायला जातो." तिचं बरोबर होतं. मी काहीच खायचो नाही. प्लेट घ्यायची, उजेडात धरायची, दहा-बारा फोटो काढायचे, तोवर ती गार व्हायची आणि मग मी पुढच्या तंबूकडे सरकायचो.

पहिल्या फोटोंना मावशींचं उत्तर आलं ते आवाजी संदेशात. "दिसायला झ्याक हाय. मीठ कसं होतं?"

मला मीठ माहीत नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. मावशींनी नवरा गेल्यावर मटण खाणं सोडलं होतं. मेसमध्ये मात्र रविवारी मटण व्हायचंच, नाहीतर पोरं दुसरीकडे गेली असती. स्वतः खात नसल्यानं त्या रस्सा चाखत नसत. कांदा, खोबरं, काळं तिखट सगळं हाताच्या अंदाजानं, पण मिठाचा भरवसा त्यांना वाटायचा नाही. पहिल्या वर्षी एका रविवारी मी लवकर आलो, तर पातेल्यापाशी बसलेल्या मावशींनी पळी माझ्यापुढे केली. "ए, नवीन पोरा, मीठ बघ रं जरा." मी तळहातावर रस्सा घेतला, चाटला आणि घाबरत म्हणालो, "थोडं कमी आहे." त्यांनी चिमूट टाकली. "आता?" "आता बरोबर." त्या दिवसापासून चार वर्षं रविवारी सकाळी मी त्यांची जीभ होतो. पोरं मला 'मीठ इन्स्पेक्टर' म्हणायची. पातेलं उतरायच्या आधी हाक यायची, "इन्स्पेक्टर आला का?" आणि मी अभ्यासाचं पुस्तक तसंच उघडं टाकून पळायचो. माझ्या साध्या बोलण्यावर एवढ्या मोठ्या पातेल्याचं भवितव्य ठरतं, ही गोष्ट गावातून आलेल्या, इंग्रजीत तोंड न उघडणाऱ्या पोराला किती धीर देत असेल, हे मावशींना कळलं असेल का? कळलंच असेल.

तर मीठ कसं होतं? मी पुढच्या शुक्रवारपासून खाऊ लागलो.

त्यात मला साथ मिळाली ती रोसची. रोस म्हणजे सत्तरी ओलांडलेली बाई. तिचे आईवडील इंडोनेशियातून बोटीनं इथं आलेले. बाजार कुठल्याही गावात असो, कोपऱ्यावर तिचा सातेचा तंबू असायचाच. निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीच्या काड्या आणि वर शेंगदाण्याचा दाट रस. सगळे तिला 'तांते' म्हणत. तांते म्हणजे इकडची मावशीच. तिनं मला आधीपासून हेरलं होतं.

"काय रे," ती डचमध्ये म्हणाली, "तुमच्या देशात फोटोनं पोट भरतं का?"

"फोटो दुसऱ्या कुणासाठी आहे, तांते."

"मग तिला ये म्हणावं."

मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये मावशींबद्दल सांगितलं. नळी हा शब्द मला डचमध्ये येत नव्हता, म्हणून मी नाकापासून पोटापर्यंत बोट फिरवून दाखवलं. रोसनं पंखा हलवायचा थांबवला. निखारे राखाडी होऊ लागले. मग ती एवढंच म्हणाली, "आधी खा. मग फोटो काढ. गार सातेचा फोटो बघून कुणाला काय मिळणार?" आणि तिनं माझ्यासमोर प्लेट आपटली.

तेव्हापासून माझे फोटो अर्ध्या खाल्लेल्या प्लेटचे असत. एक काडी रिकामी, रसात बोटाचा ओरखडा. शेंगदाण्याचा रस पाहून मावशी म्हणाल्या, "आपली शेंगाची चटणी बोटीत बसून पातळ झाली व्हय?" मी सांगितलं, "गोड आहे, मावशी. गूळ घातल्यासारखी. मीठ बेताचं, मागून तिखट येतं." त्या म्हणाल्या, "गोड? मटणकोंबडीला गोड? बिचारी माणसं." कोरियन तव्यावरचं धिरडं, व्हिएतनामी नूडल्सचा वाडगा, पानात गुंडाळलेला भात. प्रत्येक फोटोखाली मी चव बोलून पाठवायचो. आंबट किती, तेल ताजं की कसं, दाताखाली काय येतं. परीक्षेच्या दिवसांत लिहायचो तितक्या मन लावून मी ते बोलत होतो. मला वाटत होतं, चमच्यानं नाही तर निदान कानानं, डोळ्यांनी त्यांच्यापर्यंत काहीतरी जातंय. घरी येताना गाडीच्या डब्यात धुराचा वास माझ्या शर्टाला यायचा, शेजारची माणसं वळून पाहायची, आणि मला मी खूप दिवसांनी कामाचा माणूस वाटायचो.

ऑगस्टमध्ये एका दुपारी सुरेखावहिनींचा फोन आला. त्या मुद्दाम अंगणात येऊन बोलत होत्या, कोंबड्यांचा आवाज येत होता.

"भावजी, एक बोलू का? रागावू नका."

"बोला की, वहिनी."

"ते फोटो थोडे दिवस पाठवू नका."

"का, वहिनी?"

"फोटो बघितला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. आपल्याला सुटतं ते आपण गिळतो. त्यांना गिळता येत न्हाई ना. मग ते तोंडात साठतं, घशात उतरतं, ठसका लागतो. परवा डोळे पांढरे झाले. रात्रभर भांड्यात थुंकत बसल्या होत्या. पण ऐकत न्हाईत. म्हणतात, दत्ताचा फोटो आला का?"

त्या दिवशी मी ऑफिसातून चालत घरी आलो. हूफडॉर्प ते नीउ-व्हेनेप, कालव्याच्या कडेनं. डोक्यावरून विमानं उतरत होती. ही सगळी जमीन पूर्वी पाण्याखाली होती, लोकांनी पंप लावून पाणी उपसलं आणि घरं बांधली. बार्शीच्या एका खोलीत एक बाई आपल्याच तोंडातल्या पाण्यात बुडत होती आणि ते पाणी मी हौसेनं, उजेडाचा कोन बघून पाठवत होतो.

दोन शुक्रवार मी काही पाठवलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी मावशींनी सुरेखावहिनींचा फोन हिसकावून घेतला असावा. आवाज घोगरा, तुटक.

"काय रं, बाजार उठला काय तुमचा?"

"नाही मावशी. वहिनी म्हणाल्या..."

"तिला काय कळतंय. तोंडाला पाणी सुटतंय म्हंजे जिती हाय मी. सुटायचं बंद झालं की मग कशाला पाठवतोस? पाठव."

काय करायला हवं होतं? मी अश्विनीला विचारलं. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "मला नको विचारूस रे. दोन्हीकडून तेच आहे." मी पाठवले. थोडे पाठवले. पांढऱ्या भाताचे, ताकासारख्या पेयांचे, ज्यांनी जीभ फारशी हलू नये असे. आजारी माणसाला पथ्याचे फोटो. मावशींच्या ते लगेच लक्षात आलं. "हे काय दवाखान्यातलं जेवण काढतोस? साते काढ." मी साते काढले. त्या रात्री त्या पुन्हा भांड्यात थुंकत बसल्या. वहिनींनी मला काही कळवलं नाही, पण मला कळलं.

सप्टेंबरात शेवटचा बाजार लागला तेव्हा दिवस आखूड झाले होते. पहिल्यांदाच खरोखरची रात्र होती, कंदील लाल-पिवळे झळाळत होते. वर्षभरातला सगळ्यात चांगला फोटो मी त्या दिवशी काढला. रोसचे हात, ठिणग्या, वर जाणारा धूर. त्या दिवशी वारा नव्हता. मावशींचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "चांगला हाय. पण आता काय होत न्हाई रं बघून." त्यात तक्रार नव्हती. गाडी निघून गेली, असं स्टेशनमास्तरानं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

डिसेंबरात जाऊन त्यांना भेटून आलो. काळा मसाला, धूर, फोडणी यांच्याशिवाय मावशींच्या अंगाला कधी दुसरा वास नव्हता. आता औषधाचा होता. त्यांनी माझा हात धरला आणि कॅमेऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. निघताना मी म्हणालो, "पुढच्या दिवाळीला येतो." त्यांनी मान हलवली.

फोटोत अन्नाचं सगळं येतं. रंग येतो, चकाकी येते, बारकाईनं पाहिलं तर तेल किती तापलं होतं तेही येतं. फक्त ज्यासाठी अन्न असतं ते येत नाही. मी हे कुणाला तात्पर्य म्हणून सांगत नाही. माझ्या संगणकात त्या उन्हाळ्याचे कितीतरी फोटो पडून आहेत. ते पुसवत नाहीत, उघडवतही नाहीत.

या वसंतात आमच्या कंपनीनं आमचा अख्खा गट बंद केला. नवी नोकरी मिळाली हे नशीब, पण नव्या परमिटचं कार्ड हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, असं वकिलानं बजावलं आहे. कार्ड कधी येईल ते कुणीच सांगत नाही. शुक्रवारी मी बाजारात जाऊन आलो. कॅमेरा नेला नाही. रोस होती, थोडी वाकली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, गळ्यात कॅमेरा नाही हे पाहिलं. प्लेट पुढे केली. मी ती संपवली, गरम असताना. चव कशी होती ते मला आठवत नाही.

परतलो तर सुरेखावहिनींचा निरोप होता. डॉक्टर म्हणाले, आता दुखणं कमी करण्यापलीकडे काही नाही, आणि खरं तर हे मागच्याच महिन्यात संपायला हवं होतं. वहिनींनी पुढे म्हटलं होतं, 'शुद्धीवर आल्या की एकच विचारतात, दत्ता आला का. त्यांना सुटका मिळत नाही भावजी. काहीतरी सांगा तुम्ही.'

फोनवर माझ्यानं बोलवलं नसतं. पोस्टानं पत्र वेळेत पोचलं नसतं. म्हणून कागदावर लिहिलं, त्याचा फोटो काढून वहिनींना पाठवला आणि कानाशी वाचून दाखवा म्हटलं. ते पत्र असं :

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार.

मी दिवाळीला येतो म्हणालो होतो. ते खरं होईल असं मला आता वाटत नाही. इथले कागद अडकले आहेत. उद्या सुटतील किंवा दिवाळी उलटल्यावर. खोटं सांगून तुम्हाला तिष्ठत ठेवणं मला जमणार नाही.

मेसमध्ये शेवटचा पोरगा जेवून उठल्याशिवाय तुम्ही स्वतःचं ताट घेत नव्हता. कुणाची एसटी चुकली, कुणाचं सबमिशन लांबलं, तरी तुम्ही भाकरीवर फडकं टाकून भिंतीला टेकून बसायचा. डोळे मिटत असायचे, पण आडव्या व्हायचा नाही. आम्ही म्हणायचो, मावशी, झोपा, आम्ही घेऊ हातानं. तुम्ही म्हणायचा, एक पोरगं राहिलंय अजून.

ते राहिलेलं पोरगं मी असेन, तर तुम्हाला सांगतो. माझं जेवण झालंय, मावशी. पोटभर झालंय. तुम्ही आमच्या ओट्यावर बसून आला होता त्याच दिवशी झालं होतं. ताट मी उचलून ठेवलंय, खरकटं काढलंय, चुलीवर पाणी शिंपडलंय. आता मागं कुणी राहिलेलं नाही.

तुम्ही दार लावून घ्या आणि आडव्या व्हा.

तुमचा,
दत्ता